छोट्या ट्रॉलीची चाकं आणि टायर



छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणारा रस्ता नक्षत्रवाडी, कांचनवाडी मागं टाकून चितेगावला येतो आणि पुढं बिडकीन, ढोरकीन करीत गोदावरीच्या काठी पोचतो. नाथषष्ठीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत या रस्त्यावर नजर टाकली, तर दिंड्यांच्या मागोमाग ट्रॅक्टरला जोडलेल्या लहानमोठ्या ट्रॉल्या दिसतात. तंबूचे बांबू, पिठाची पोती, पाण्याचे पिंप, मोठाली पातेली, वर गाद्या-घोंगड्यांचा ढीग. एक अख्खा संसारच चाकांवर चाललेला असतो. आषाढीसाठी नाथांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हाही हेच दृश्य. एरवी त्याच ट्रॉलीतून मोसंबीचे क्रेट जातात, कापूस जातो, शेणखत जातं.

पाश्चात्त्य देशांत मोटारीच्या मागं लहानसं चाकांवरचं घर जोडून लोक सुट्टीला बाहेर पडतात. आपल्याकडे ती हौस क्वचितच. पूर्वी आपल्या मराठवाड्यात जत्रेला, लग्नाला जायला दमणी होती. आज आपली प्रवासाची जोडगाडी म्हणजे ही ट्रॉली. आणि ज्यांचा प्रवास हौसेचा नसून पोटाचा असतो, त्या ऊसतोड कामगारांची टायरची बैलगाडी. दसरा-दिवाळीनंतर बीडकडून, आपल्या जिल्ह्यातून, अहिल्यानगरकडून जी कुटुंबं कारखान्यांवर जातात, त्यांच्या टोळ्यांची नावंसुद्धा वाहतुकीवरून पडलेली आहेत. डोकी सेंटर, गाडी सेंटर आणि टायर सेंटर. टायर सेंटरवाल्याला कारखान्याकडून टायरची गाडी मिळते, आणि हंगामभर त्याचं सगळं नशीब त्या दोन टायरांवर फिरत असतं.

तर अशा छोट्या, दोन चाकांच्या गाडीला चाक कोणतं निवडावं आणि टायर कोणता घ्यावा, याविषयी आज बोलायचं आहे. मी अर्थशास्त्राचा माणूस, गॅरेजचा नव्हे. पण स्वस्त आणि महाग यांतला फरक समजावून सांगणं हे आमचंच काम, आणि टायर घेताना माणूस फसतो तो बहुधा याच फरकापाशी.

आधी थोडं मागं जाऊ. लाकडी चाकाला तुंबा, आरे आणि वरून लोखंडी धाव. ही धाव जेमतेम दोन-तीन बोटं रुंद. टणक रस्त्यावर ती सुरेख चालते, पण पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत सुरीसारखी रुतते. बैलांची अर्धी ताकद गाडी पुढं नेण्यात नव्हे, तर चाक वर काढण्यात जाते. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्यानं पहिला टायर केला तो मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. पुढं त्याच नावाच्या कंपनीनं १९३६ मध्ये बंगालमध्ये साहागंज इथं कारखाना काढला. हवेचं चाक बैलगाडीला बसलं आणि उत्तर हिंदुस्थानात अशा गाडीला लोक ‘डनलप’च म्हणू लागले. आपण नुसतं ‘टायरची गाडी’ म्हणतो.

या चाकानं ओढ हलकी केली हे खरं. पण त्यातच एक मेख आहे. गाडी हलकी चालते म्हणून आपण तीत दुप्पट माल भरतो, आणि तो माल उतारावर थांबवायचा कुणी? बैलांच्या मानेनं. लाकडी चाकाची गाडी उतारावर स्वतःच थोडी अडून चालायची. टायरची गाडी अडत नाही, ती अंगावर येते. म्हणून बैलगाडीला टायर लावणाऱ्यानं ब्रेकची सोय त्याच दिवशी करावी. गाडी भरताना ओझं आखाच्या थोडं पुढं ठेवावं, फार पुढं नव्हे. मागं जास्त झालं की गाडी उलाळ होते आणि जोतं गळ्याला आवळतं. पुढं जास्त झालं की जू मानेवर बसतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचंही तसंच. हुकावर थोडा भार हवा. अजिबात नसेल तर ट्रॉली मागून शेपटीसारखी हलते.

आता टायर भार कसा वाहतो ते पाहू. आपल्याला वाटतं, रबर भार वाहतं. खरं पाहता भार वाहते ती आतली हवा, आणि टायर म्हणजे त्या हवेची पिशवी. समजा एका चाकावर ९०० किलो भार आहे आणि आत दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाबाची हवा आहे. मग जमिनीला टेकलेला टायरचा भाग साधारण २२५ चौरस सेंटिमीटर होतो, म्हणजे पंधरा लांब, पंधरा रुंद. शाळेच्या वहीच्या पानाहूनही लहान. तेवढ्यावर ९०० किलो! हवा निम्मी झाली तर तेच ओझं पेलायला टायरला दुप्पट जागा टेकवावी लागते, आणि त्यासाठी त्याच्या कुशी प्रत्येक फेऱ्याला वाकतात, सरळ होतात, पुन्हा वाकतात. लोखंडी तार पुढं-मागं वाकवत राहिलं की ती हाताला गरम लागते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. टायरचं तसंच होतं. वैशाखात मराठवाड्याचं ऊन चाळीस अंशांच्या वर, डांबर त्याहून तापलेलं, त्यात कमी हवेचा टायर आतून तापतो. तो फुटतो तेव्हा आपण म्हणतो, उन्हानं फुटला. उन्हाचा हात असतोच, पण मूळ कारण पुष्कळदा कमी हवा आणि जादा माल.

म्हणून निवडीची सुरुवात दुकानात करायची नाही, वजनकाट्यावर करायची. ट्रॉली नेहमीसारखी भरा, काट्यावर फक्त ट्रॉलीची चाकं उभी करा, ट्रॅक्टर जोडलेलाच पण काट्याबाहेर ठेवा. जो आकडा येईल तो दोन चाकांवरचा भार. त्याचे दोन भाग केले की एका चाकाचा वाटा कळतो. एक उदाहरण घेऊ. रिकामी ट्रॉली ५०० किलो, माल १,५०० किलो, एकूण २,००० किलो. त्यातला दहावा हिस्सा हुकावर गेला असं धरलं, तर चाकांवर १,८०० किलो राहिले, म्हणजे दर चाकी ९००.

पण नेमका ९०० किलोचा टायर घेऊन भागत नाही. रस्ता एका बाजूला उतरता असतो, माल सरकतो, एक चाक खड्ड्यात गेलं की क्षणभर सगळा भार त्या एकावरच येतो. पाव हिस्सा तरी शिल्लक धरावा. ९०० चे झाले सव्वाअकराशे. आता टायरच्या कुशीवर पाहा. तिथं एक दोन-तीन आकडी अंक आणि त्याला चिकटून एक अक्षर असतं. अंक भाराचा. १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो, ११३ म्हणजे १,१५० किलो. आपल्या उदाहरणातल्या शेतकऱ्यानं ११३ किंवा त्याहून वरचा टायर मागावा. अक्षर वेगाचं. शेतीच्या ट्रॉलीच्या टायरवर पुष्कळदा ‘ए ८’ असतं, त्याचा अर्थ ताशी ४० किलोमीटर. असा टायर ट्रॅक्टरमागं वर्षानुवर्षं चांगला चालेल. पण तीच ट्रॉली जीपच्या मागं जोडून कुणी साठ-सत्तरच्या वेगानं पंढरपूरला निघाला, तर त्याची चूक टायरच्या माथी मारता येणार नाही.

काही टायरांवर हे अंक नसतात, नुसतं ‘पी. आर.’ लिहिलेलं असतं, ८ पी. आर., १४ पी. आर. असं. पूर्वी सुती कापडाचे जितके थर असत तितका तो आकडा. आता नायलॉनमुळे प्रत्यक्ष थर कमी असतात, पण बळ तितक्या थरांचं धरतात. आकडा मोठा तितका टायर जास्त हवा आणि जास्त भार सोसणारा. मात्र जास्त पी. आर.चा टायर घेतला आणि हवा जुनीच कमी ठेवली, तर पैसे वाया गेले. वाढीव बळ हवेशिवाय उपयोगी पडत नाही.

मापाचं म्हणाल तर ७.५०-१६ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची इंचांतली रुंदी, दुसरा रिमचा व्यास. रिम १६ ची तर टायर १६ चाच. ‘थोडं ओढून बसवू’ हे बोलणं ऐकलं की दुकान सोडावं.

चाक मोठं घ्यावं की लहान? लहान चाकाची ट्रॉली खाली राहते, भरायला सोपी, कलंडायची भीती कमी. पण पन्नास सेंटिमीटर व्यासाचं चाक एका किलोमीटरला सुमारे ६३७ फेरे घेतं आणि पाऊण मीटर व्यासाचं ४२४. म्हणजे लहान चाकाचं बेअरिंग दीडपट फिरतं, दीडपट झिजतं. शिवाय मोठं चाक ज्या खड्ड्यावरून सरकून जातं, त्यात लहान चाक उतरतं. आपले शेतरस्ते पाहता, ट्रॉली फार उंच होत नसेल तर मोठ्या चाकाकडे कल ठेवावा असं माझं मत आहे. ट्रॉलीचा दांडा मात्र हुकाला जोडल्यावर जमिनीशी समांतर राहिला पाहिजे.

दोन चाकांमधलं अंतरही ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांशी जुळतं असावं. भाषेत आपण ‘चाकोरी’ हा शब्द जरा कमीपणानं वापरतो, चाकोरीतलं जीवन वगैरे. पावसाळ्यात काळ्या रानातून ट्रॉली काढणाऱ्याला विचारा. ट्रॅक्टरनं दाबलेल्या चाकोरीतून ट्रॉलीचं चाक गेलं तर निम्मी ओढ वाचते. बाहेरून गेलं तर प्रत्येक चाकाला आपली वाट नव्यानं खणावी लागते. रानात जास्त काम असेल तर रुंद टायर बरा, कारण तो कमी दाबावर भार वाहतो आणि मातीही कमी दबते. पण तो कमी दाब घेऊन डांबरी रस्त्यावर भरधाव जाऊ नये. रानासाठी हवा कमी केली असेल तर सडकेवर चढण्याआधी भरून घ्यावी. हा कंटाळा फार महागात पडतो.

आता जुन्या टायरकडे येतो. दुकानात संवाद साधारण असा होतो. “काका, ट्रकचा उतरलेला आहे, पण नवाच समजा. निम्म्या किमतीत जातो.” “अरं, पण सालचा किती?” “साल काय करायचंय काका, खाच बघा की.” इथं काकांनी हट्ट सोडू नये. टायरच्या कुशीवर लांबट गोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोटारीचा टायर झिजून मरतो, ट्रॉलीचा टायर पुष्कळदा म्हातारा होऊन मरतो. वर्षातले सात-आठ महिने ट्रॉली उन्हात एकाच जागी उभी. खाच शाबूत, पण रबर वाळलेलं, कुशीवर केसाएवढ्या चिरा. असा टायर रिकाम्या गाडीला चालतो आणि भरल्या गाडीला दगा देतो. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, मोटारींसाठी नियमानं ठरलेल्या १.६ मिलीमीटर खोलीची ती खूण. रबर झिजून त्या उंचवट्यांना भिडलं की टायर संपला.

जुना टायर मुळीच घेऊ नये असं मी म्हणणार नाही. माणसाच्या चालीनं जाणाऱ्या बैलगाडीला, आतला दोरा उघडा पडलेला नसेल, फुगवटा नसेल, चीर नसेल, तर तो चालतो, आणि गरिबाला नवा घ्या म्हणणं सोपं असतं. पण हमरस्त्यावर ट्रॅक्टरमागं धावणाऱ्या ट्रॉलीची गोष्ट वेगळी. ट्रकच्या मागच्या आखाला बहुधा दोन्ही बाजूंना दोन-दोन टायर असतात, एक बसला तर शेजारी निदान थोडा वेळ सावरतो. आपल्या ट्रॉलीला एका बाजूला एकच. तो फुटला की ट्रॉली त्या अंगावर कलते, आणि वर माणसं बसलेली असली तर... मालाच्या ट्रॉलीत माणसं बसवायला कायद्याची परवानगी नाही, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि दिंडीत थकलेली म्हातारी माणसं, लेकरं ट्रॉलीत बसतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यासाठी वेगळी प्रवासी गाडी करावी. निम्म्या किमतीच्या टायरातून वाचलेल्या पैशांचा हिशोब करताना हा खर्च कुणी वहीत मांडत नाही.

दोन्ही टायर मात्र एकाच मापाचे, एकाच जातीचे असावेत. एक नवा आणि एक झिजलेला असला तर उंचीत फरक पडतो, भार एका बाजूला जातो. मोटारकारचा उतरलेला टायर ट्रॉलीला लावतात, तेही टाळावं. त्याच्या कुशी मऊ असतात, वळणावर ट्रॉली झोके खाते. ट्यूबचा की बिनट्यूबचा, हा प्रश्न हल्ली विचारतात. बाभळीचा काटा शिरला तर बिनट्यूबच्या टायरची हवा हळूहळू जाते, हा त्याचा मोठा गुण. पण धोंड्यावर आपटून रिमची कड वाकली की तिथूनच हवा निसटू लागते, आणि गावच्या पंक्चरवाल्याकडे ती कड सरळ करण्याचं साधन असेलच असं नाही. रानातल्या ट्रॉलीला ट्यूबचा, सडकेवरच्या ट्रॉलीला बिनट्यूबचा, असा माझा कौल आहे.

रिम घेताना वेल्डिंगनं जोडलेली, तडा गेलेली, बोल्टची भोकं लांबट झालेली रिम कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. काही मोठ्या चाकांत टायर अडकवून धरणारी लोखंडी कडी वेगळी असते. अशा चाकात हवा भरताना समोर उभं राहायचं नाही. कडी नीट बसलेली नसेल तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. मुलांना तर तिथून लांबच ठेवावं.

नट आवळताना एकामागून एक शेजारचा न घेता समोरासमोरचे घ्यावेत, म्हणजे चाक सरळ बसतं. नवं चाक लावल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर झाले की पान्हा पुन्हा फिरवावा, कारण रंग आणि गंज दबून नट थोडे ढिले होतात. पंधरा-वीस किलोमीटरनंतर थांबून हाताची पाठ तुंब्याजवळ न्यावी. कोमट असेल तर ठीक. हात धरवेना इतका गरम असेल तर बेअरिंगमधलं ग्रीस संपलं आहे किंवा ते फार आवळलं गेलं आहे. लाकडी आखाला वंगण घातल्याशिवाय आपले आजोबा गाडी जुंपत नसत. बेअरिंग डोळ्यांआड गेलं आणि ती सवयही गेली.

हवा सकाळी, गाडी चालण्याआधी तपासावी. पंक्चरवाला ‘पौंडां’त बोलतो. दर चौरस सेंटिमीटरला १ किलो म्हणजे सुमारे १४ पौंड, तेव्हा वरच्या उदाहरणातले ४ किलो म्हणजे ५७ पौंडांच्या आसपास. आपल्या टायरला किती हवी, ते त्याच्या कुशीवर जास्तीत जास्त भाराच्या शेजारी लिहिलेलं असतं. दुपारी तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडायची नाही. रात्री तो गार झाला की तीच हवा कमी पडते. हंगाम संपल्यावर ट्रॉली ठोकळ्यांवर उचलून ठेवावी आणि चाकांवर गोणपाट टाकावं. आणि स्टेपनी! ट्रॅक्टरचं चाक ट्रॉलीला बसत नाही, त्यामुळे ट्रॉलीची स्टेपनी, तिच्या नटाचा पान्हा आणि भरल्या ट्रॉलीला पुरेल असा जॅक, या तिन्ही वस्तू ट्रॉलीतच हव्यात. बिनजॅकची स्टेपनी घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेली माणसं प्रत्येक जत्रेत दिसतात.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावंसं वाटतं. हा सगळा विषय शाळेच्या अंगणात सायकलवर करून पाहता येतो. मागच्या टायरला ओल्या गेरूचा हात फिरवा. चौकटीचा कागद जमिनीवर ठेवून चाक त्यावर अलगद टेकवा आणि एका मुलाला सीटवर बसवा. चाक उचललं की कागदावर ठसा राहतो, त्यातल्या चौकटी मुलांकडून मोजून घ्या. मग मागचं चाक धान्याच्या काट्यावर ठेवून, तोच मुलगा बसलेला असताना, भार मोजा. भाराला ठशाच्या क्षेत्रफळानं भागा आणि जो आकडा येईल तो हवेच्या मापकाशी ताडून पाहा. तंतोतंत जुळणार नाही, कारण थोडा भार टायरचं अंगही उचलतं, पण जवळपास येईल. नंतर निम्मी हवा सोडून तेच पुन्हा करा. ठसा रुंदीत फारसा वाढत नाही, लांबीत वाढतो. त्या वेळी मुलांना टायरच्या कुशीवर बोट ठेवायला सांगा. जमिनीजवळ जिथं फुगवटा लागतो, तीच जागा भरल्या ट्रॉलीच्या टायरात रस्त्यावर तापत असते.